कोरांटी: कमी पाण्यावर फुलणारं अंगणातलं झुडूप, मुरमाडात आणि काळ्या रानात

माझं माहेर आटपाडीचं, सासर सांगलीचं. माहेरची कोरांटी विहिरीच्या वरच्या अंगाला, मुरमात, आजीनं लावलेली. १९७२ च्या दुष्काळात घरातली माणसं खडी फोडायला जात होती, विहिरीचा तळ दिसत होता आणि कोरांटीला तांब्याभर पाणीही मिळालं नव्हतं. पुढच्या पावसाला ती बुडातून फुटली, असं आजी सांगायची. त्याच झाडाच्या फांद्या मी सांगलीला आणून लावल्या आणि दोन वेळा घालवल्या. दोन्ही वेळा पाणी जास्त झालं होतं. पहिल्यांदा मी रोज संध्याकाळी पाइप धरायची. खालची काळी माती ते पाणी धरून बसायची आणि दीड महिन्यात झाड पिवळं पडून मानेशी, म्हणजे खोड मातीतून वर येतं तिथं, मऊ झालं. दुसऱ्यांदा २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं आयर्विन पुलाशी ५७ फूट ओलांडले, त्या पुरात वाफा आठवडाभर पाण्याखाली होता. गच्चीवरच्या दोन कुंड्या वाचल्या आणि आज अंगणात आहेत ती सगळी झाडं त्यांचीच.

म्हणून ज्यांना अंगणात फार न पसरणारं, उन्हाळा काढणारं, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत देवाला रोज ओंजळभर फुलं देणारं झुडूप हवं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कोरांटी लावणं सोपं आहे, पण पहिल्या वर्षी काय करायचं आणि नंतर काय करायचं नाही, एवढं मात्र नीट माहीत हवं.

कोणती कोरांटी घ्यायची

आपण कोरांटी म्हणतो त्या मुळात दोन जाती आहेत. पिवळी किंवा केशरी-पिवळ्या फुलांची, पानांच्या बगलेत लांब टोकदार काटे असलेली ती काटेकोरांटी, म्हणजेच वज्रदंती. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. आणि पांढऱ्या, जांभळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेल्या फुलांची, फांदीला काटे नसलेली ती बार्लेरिया क्रिस्टाटा. जुन्या संस्कृत ग्रंथांत सैरेयक आणि कुरंटक ही नावं येतात ती याच मंडळींची. अबोली, अडुळसा आणि साताऱ्याच्या कास पठारावर सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी ही सगळी कोरांटीच्याच कुळातली. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. माण-खटावच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला मात्र तो ५,००० च्या वर जातो. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आता आटपाडीत पोचलं आहे, तरी अंगणातल्या फुलझाडाला ते पुरवत बसणं मला पटत नाही. या पट्ट्याच्या कोरड्या हवेत आणि हलक्या जमिनीत कोरांटी तग धरून राहते.

निवड जागेवर ठरते. दाराशी, तुळशीजवळ, लहान मुलांच्या वावरात असेल तर बिनकाट्याची पांढरी किंवा जांभळी घ्या. शेताच्या कडेला, शेळ्या-मेंढ्यांच्या वाटेवर असेल तर पिवळी. तिचे काटे बारीक पण चांगलेच तिखट असतात. छाटताना मी जुन्या बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालते. मोकळी सोडली तर दोन्ही जाती चार-पाच फुटांपर्यंत जातात. वर्षातून एकदा छाटली की अडीच-तीन फुटांवर, गोल, भरगच्च राहतात.

दुष्काळी भागात फुलझाड म्हटलं की अजून एक नाव सुचवलं जातं, घाणेरी. रंगीत आहे, पाणी लागत नाही, हे खरं. पण तिनं आपले डोंगर आणि गायरानं कशी व्यापली आहेत ते आपण बघतोच. पाखरं तिची फळं खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. अंगणात तिला जागा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोरांटी आपल्याच मातीतली आहे आणि तिचं बी फार लांब जात नाही. इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: हीच पिवळी कोरांटी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात गेली आणि तिथं तिची गणना उपद्रवी तणात होते. म्हणून परदेशी असलेल्या नातेवाइकांना प्रेमानं बी पाठवू नका.

रोप घेताना ओळखायचं कसं

एका रोपवाटिकेतून मी जांभळी कोरांटी म्हणून चार रोपं आणली होती. वाढली भराभर, फुलंही जांभळी आली, पण पानं लांब पट्टीसारखी आणि रोप रोज पाणी मागणारं. ती रुएलिया निघाली. ती ओलीत रमणारी, मुळांनी पसरत जाणारी. तेव्हापासून मी फुलाच्या बुडाशी बघते. कोरांटीचं फूल ज्या कोषातून येतं त्याची बाहेरची दोन दलं मोठी, रुंद, समोरासमोर हात जोडल्यासारखी असतात. पांढऱ्या-जांभळ्या जातीत त्यांच्या कडेला करवतीसारखे बारीक काटेरी दाते असतात आणि पृष्ठभागावर जाळीदार शिरा उठून दिसतात. फूल गळून गेल्यावर ही दलं वाळून कागदासारखी होतात, पण झाडावरच राहतात. पिवळीच्या फुलाची ठेवण वेगळी: चार पाकळ्या एका बाजूला आणि पाचवी एकटी दुसऱ्या बाजूला. ही दोन लक्षणं बघितली की नावाच्या चिठ्ठीवर विसंबावं लागत नाही.

फूल नसलेल्या दिवसांत रोप घ्यायचं तर पेरापाशी बघा. कोरांटीची पेरं थोडी फुगीर असतात आणि पानं जोडीनं, समोरासमोर येतात. पिशवी उचलून खालून बघा. मुळं पिशवीतून बाहेर येऊन गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप ठेवून द्या. उंच, किडकिडीत, एकाच शेंड्याचं रोप नको. बुटकं, तीन-चार फांद्यांचं घ्या, मग त्याला फूल नसलं तरी चालेल.

जागा आणि माती

दिवसातून सहा तास ऊन मिळालं तर फुलं भरपूर. चार तासांवर झाड जगतं, पण फांद्या उजेडाकडे लांबत जातात आणि झुडपाचा गोलवा जातो. पश्चिमेची भिंत असेल, जिच्यावर एप्रिल-मे महिन्यात दुपारभर ऊन तापतं, तिथं बाकी फुलझाडं होरपळतात. कोरांटी तिथं चालते; फक्त भिंतीपासून दोन फूट अंतर ठेवा.

आता मातीचं. याबाबत मला थोडं जास्त सांगायचं आहे, कारण सगळा खेळ इथंच आहे. आटपाडीच्या घरी टिकाव मारला की वीतभर मातीखाली मुरूम लागतो. पाणी ओतलं की पाच मिनिटांत गुडूप. कोरांटीला असली जमीन आवडते, पण रोप लहान असताना तिथं मुळांना धरायला काही नसतं. सांगलीत उलट. कृष्णाकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, चिकट होते, मुळांभोवतीची हवा कोंडते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. एकाच झाडाला या दोन ठिकाणी एकच कृती लागू होत नाही.

तुमची जमीन कशी आहे ते आधी तपासा. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या, पाण्यानं काठोकाठ भरा, मुरू द्या. मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. दुसरं पाणी तासाभरात मुरलं तर निचरा उत्तम. चार-पाच तासांनीही खड्ड्यात पाणी दिसत असेल तर तिथं सपाटीवर कोरांटी लावू नका.

मुरमाड जमिनीत दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पहारीनं तळ थोडा मोकळा करा, मूळ पुढं वाट काढतं. निघालेला मुरूम चाळून मोठे दगड बाजूला काढा. उरलेल्या मातीत तितकीच गाळाची किंवा चांगल्या रानातली माती आणि दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून खड्डा भरा. तलावातला गाळ मिळाला तर फारच छान, पण तो एकटा भरू नका. मुरमात गाळाचा गोळा घातला तर पावसात तो वाटीसारखा पाणी साठवतो.

काळ्या रानात खड्डा खोल घेऊच नका. तिथं वर चढायचं. नऊ इंच ते फूटभर उंचीचा गादीवाफा किंवा दगडांचा गोल ओटा करा आणि त्यात एक भाग काळी माती, एक भाग बारीक मुरूम किंवा जाड वाळू आणि एक भाग शेणखत भरा. माझ्या सासूबाईंनी ओटा बघून विचारलं होतं, "झाडाला कशाला गं चबुतरा?" त्यांना मी आधीचं सडकं मूळ दाखवलं. पुढच्या वर्षी त्यांनीच गुलाबाला तसा ओटा करून घेतला.

पूर्वेकडच्या काही शिवारांत चुनखडी असते. माती खणताना पांढरे खडे निघतात, त्यावर लिंबू पिळलं की फेस येतो. तिथं कोरांटी जगते, पण नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसू लागतं. तासगाव-कवठेमहांकाळकडच्या द्राक्षवाल्यांना हे चित्र ओळखीचं आहे. झाडाला लोह उचलता येत नाही, म्हणून ते होतं. शेणखत वाढवा, आणि फार पिवळेपणा आला तर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला तीन ते पाच ग्रॅम, त्यात अर्ध्या लिंबाचा रस, अशी पानांवर संध्याकाळी फवारणी करा. पंधरा दिवसांनी एकदा, असं दोन-तीन वेळा पुरतं. फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग पडतात आणि जात नाहीत.

लावण

मृगाचा पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की लावायला घ्या. जून-जुलै सगळ्यात चांगले. पण पूर्वेकडच्या तालुक्यांतल्या लोकांना माहीत आहे की आपल्याकडे जुलै-ऑगस्टात पाऊस दडी मारतो आणि खरा पाऊस परतीचा, सप्टेंबरात येतो. मृगात लावलं आणि पावसावर सोडलं असं करू नका. मधल्या खंडात हातानं पाणी द्यावं लागेल.

लावायच्या आदल्या दिवशी पिशवीतल्या रोपाला पाणी द्या. पिशवी ब्लेडनं उभी कापा, ओढून काढू नका, मातीचा गड्डा फुटतो. मुळं कडेला गुंडाळलेली असतील तर बोटांनी हलकेच मोकळी करा. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खड्ड्यात ठेवायचं. खोडाची मान मातीत गाडली गेली की ती पावसाळ्यात सडते. भोवतालची माती तळहातानं दाबा, पायानं तुडवू नका. मुरमाडात रोपाभोवती उथळ आळं करा; काळ्या जमिनीत आळं नको, उलट बुडाशी माती किंचित उंच आणि कडेला उतरती ठेवा.

तीन-चार झाडांचा घोळका करायचा असेल तर दोन झाडांत दोन फूट. कुंपणासाठी सव्वा फूट, आणि एका सरळ ओळीऐवजी दोन ओळींत, समोरासमोर न येता एकाआड एक लावा, म्हणजे वर्षा-दीड वर्षात खालपासून दाट होतं. लावून झाल्यावर मात्र पोटभर पाणी द्या, पाऊस पडत असला तरी. त्यानं मातीतल्या पोकळ्या बसतात.

पहिल्या वर्षाचं पाणी

कमी पाण्यावर येणारं झाड म्हणजे पहिल्या दिवसापासून कमी पाणी, असं समजून बरीच झाडं मरतात. ही ताकद मुळांच्या खोलीत असते आणि ती खोली एका वर्षात तयार करून घ्यावी लागते. थोडं थोडं पाणी रोज दिलं की मुळं वरच्या दोन-तीन इंचांतच पसरतात. मग मे महिन्यात चार दिवस गावाला गेलात की झाड माना टाकतं.

पहिले तीन आठवडे, पाऊस नसेल तर, तीन दिवसांनी एकदा तीन-चार लिटर. त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत फक्त खंड पडला तर आठवड्याला एकदा. ऑक्टोबर ते जानेवारी दहा-बारा दिवसांनी पाच-सहा लिटर. पहिल्या उन्हाळ्यात मुरमाडात आठवड्याला एकदा, काळ्या रानात दहा-बारा दिवसांनी एकदा, आठ-दहा लिटर, पण सावकाश. बादली उपडी करून नव्हे. पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घाला. खाली गार ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. ही एक सवय लावून घेतली तर बाकी आकडे विसरलात तरी चालेल.

माहेरी दादानं जुन्या द्राक्षबागेतल्या टाकाऊ ठिबकच्या नळ्या वापरल्या आहेत. माझ्याकडे मातीचं मडकं आहे. तळाला बारीक भोक, त्यात सुती वात, आणि झाडापासून फूटभर लांब गळ्यापर्यंत पुरलेलं. आठवड्यातून एकदा भरायचं, वर झाकण ठेवायचं, नाहीतर डास होतात. मडकं बुडाशी चिकटून पुरू नका. ओल लांब असेल तर मूळ तिच्याकडे चालत जातं.

आच्छादन विसरू नका. उसाचं पाचट आपल्याकडे ढिगानं मिळतं, शेतात ते जाळतातही. त्याचा चार बोटं जाड थर झाडाभोवती पसरा, पण खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी खोडाशी येते.

दुसऱ्या उन्हाळ्यात दर तीन आठवड्यांनी एकदा पाणी पुरतं. तिसऱ्यापासून मी महिन्यातून एकदा देते, आणि आटपाडीची झाडं तेवढंही न देता निघतात. तिथं मे महिन्यात ती जवळजवळ निष्पर्ण होतात. त्या वेळी घाबरून पाण्याचा मारा करू नका आणि उपटूनही टाकू नका. फांदीवर नखानं हलकं खरवडा. आत हिरवा पापुद्रा दिसला तर झाड जिवंत आहे, पाऊस पडला की पंधरा दिवसांत पालवी येते. पाणी तोडून डाळिंबाला ताण देणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

कुंडीची गोष्ट निराळी. बारा इंची कुंडीत कोरांटी चांगली फुलते, पण तिथं मुळांना खोल जायला जागाच नाही. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी लागणारच. दोन वर्षांनी मुळं छाटून माती बदलावी लागते.

फांदीपासून रोपं

विकत घेण्याची खरं तर गरजच नाही. ज्यांच्याकडे झाड आहे त्यांच्याकडून एक फांदी मागा, छाटणीत ती टाकूनच दिली जाते.

जुलै-ऑगस्ट किंवा फेब्रुवारीअखेर या दोन वेळा चांगल्या. शेंड्याची अगदी कोवळी फांदी कुजते आणि जुनी लाकडी फांदी रुसून बसते. मधली, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, वाकवली तर लवते पण तुटत नाही अशी घ्या. पाच-सहा इंच लांब, तीन-चार पेरांची. खालचा काप फुगीर पेराच्या लगेच खाली, तिरका. मुळं त्या पेरातूनच फुटतात. वरचा काप सरळ, म्हणजे उलटं लावलं जाण्याची चूक होत नाही. खालच्या दोन पेरांवरची पानं काढून टाका, वरच्या जोडीची अर्धी अर्धी कापा आणि फुलाची कळी असेल तर ती खुडा.

पिशवीत अर्धी वाळू, अर्धी चाळलेली माती. शेणखत अजिबात नको, कापाला बुरशी लागते. आधी काडीनं भोक पाडा आणि मग फांदी घाला, नाहीतर काप सोलला जातो. दोन पेरं मातीत, दाबून घट्ट. द्राक्षवाल्या घरांत मुळं फुटण्याची पावडर असते, ती कापाला लावली तर बरं, पण नसली तरी अडत नाही. झाडाखालच्या सावलीत ठेवा, माती ओलसर राहील एवढंच पाणी शिंपडा. तीन ते चार आठवड्यांत हलकं ओढून बघितलं की फांदी धरून ठेवते, म्हणजे मूळ सुटलं. मग महिनाभर सकाळचं ऊन दाखवून पुढं जमिनीत. मी दहा लावते तेव्हा सहा-सात लागतात, म्हणून नेहमी जास्तच लावा.

झाडाच्या खालच्या फांद्या जमिनीला टेकल्या असतील तर त्याहून सोपं: एका फांदीवर दगड ठेवून पेर मातीत दाबा. पावसाळाभरात तिथं मुळं धरतात.

खुडणी आणि छाटणी

नवीन रोप वीतभर वाढलं की शेंडा नखानं खुडा. त्याखालच्या दोन बगलांतून दोन फांद्या येतात. त्या वीतभर झाल्या की पुन्हा खुडा. जून ते जुलैअखेर असं दोन-तीनदा केलं की एका काडीचं झुडूप होतं. ऑगस्टच्या मध्यानंतर कात्रीला हात लावू नका. फुलं नव्या वाढीवर, शेंड्यांशी आणि वरच्या बगलांत येतात; उशिरा छाटलंत तर दिवाळीला पानंच बघत बसावं लागेल. शेजारच्या एका काकूंनी गणपतीच्या आधी अंगण नीटनेटकं दिसावं म्हणून सगळी कोरांटी गोल कापून घेतली होती. त्या वर्षी त्यांना फूल माझ्याकडून न्यावं लागलं.

द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन लागतात. कोरांटीला एकच, फुलं संपल्यावर, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. जमिनीपासून फूट-दीड फुटावर सगळं झाड कापा. आतल्या वाळक्या आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या मुळातून काढा. झाड उघडंबोडकं दिसतं, पहिल्या वर्षी हात थरथरतो, पण बुडातून येणारे फुटवे मोजले की धीर येतो. छाटल्यावर एक पाणी द्या. चार-पाच वर्षांचं, खालून काटकुळं झालेलं झाड सहा इंचांवर कापलं तरी पुन्हा भरतं. ही मोठी छाटणी उन्हाळ्यात मात्र नको. फेब्रुवारी टळली असेल तर मृगापर्यंत थांबा.

खत

जूनमध्ये झाडाला एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा दोन ओंजळी गांडूळखत, आणि सप्टेंबरात वाटल्यास अजून एक ओंजळ. बस. युरिया देऊ नका. नत्र जास्त झालं की पानं गर्द, मोठी, लुसलुशीत होतात, फुलं मागं पडतात आणि पिठ्या ढेकूण धावत येतो. शेतातल्या सऱ्यांच्या टोकाला, जिथं खताचं पाणी साचतं, तिथं लावलेली कोरांटी उंच वाढते आणि फुलत नाही. याचं कारण तेच.

कीड, रोग आणि एक पाहुणी अळी

सगळ्यात त्रासदायक पिठ्या ढेकूण. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात, पानं चिकट होतात, आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसते. त्या रांगेकडे आधी लक्ष द्या. मुंग्या त्या किडीचा गोड चिकटा खातात आणि तिचं राखण करतात. थोड्याच फांद्यांवर असेल तर त्या कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. बाकी झाडाला पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारा, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून फवारा. आठवड्यानं परत. जवळ द्राक्षबाग किंवा सीताफळ असेल तर ही कीड तिथूनही येते, म्हणून जास्वंदीसारखी तिच्या आवडीची झाडं कोरांटीला खेटून लावू नका.

ढगाळ, दमट दिवसांत पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, दिसू शकते. दाटी कमी करा, आतल्या चार फांद्या काढा, वारा खेळू द्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

झाड एकाएकी कोमेजलं आणि माती ओली असेल, तर पाणी घालू नका. बुडाशी माती बाजूला करून मान बघा. साल काळी पडून बोटानं सरकत असेल तर ते झाड गेलं. वरच्या निरोगी फांद्या त्याच दिवशी कापून लावून घ्या, तेवढं वाचतं. पुढचं रोप त्याच खड्ड्यात लावू नका.

आणि पानं कुरतडलेली दिसली की लगेच पंप काढू नका. काळपट, अंगावर फांद्या फुटलेले काटे असलेली अळी असेल तर ती लेमन पॅन्सी फुलपाखराची असू शकते. कोरांटी हे तिचं खाद्य. ती काही पानं खाते, कोषात जाते आणि डोळ्यांसारखे ठिपके असलेलं तपकिरी फुलपाखरू होऊन उडते. त्यानं झाडाचं काही बिघडत नाही. मी नातीला ते सगळं एकदा दाखवलं. रोज शाळेतून आल्यावर ती आधी झाडाकडे जायची.

फुलं आणि बी

फुलं सकाळी तोडा, उन्हं चढायच्या आत. फूल चिमटीत धरून हलकं ओढलं की नळीसकट अलगद निघतं, कोष झाडावरच राहतो. देठासकट तोडलंत तर शेजारच्या कळ्या जातात. वास नाही, पण ओवायला फार सोयीचं. लहानपणी आम्ही दोऱ्याशिवाय हार करायचो, एका फुलाची नळी दुसऱ्याच्या घशात खोचत खोचत. पिवळ्या फुलांच्या नळीच्या टोकाशी मधाचा थेंब असतो, त्यावर मधमाश्या असतातच, तेव्हा चार फुलं त्यांना ठेवा. दातांसाठी वज्रदंतीची पानं चघळायची पद्धत जुनी आहे. औषध म्हणून काही घ्यायचं तर वैद्यांना विचारूनच घ्या.

बी हवं असेल तर फेब्रुवारीच्या छाटणीआधी दोन-चार फांद्या मुद्दाम राखा. वाळलेल्या कागदी दलांमध्ये तपकिरी, टोकदार बोंडी दिसते. ती पिकली की तडकते, दोन शकलं होतात आणि बी दूर उडतं. भर दुपारी झाडाजवळ बसलं तर तो बारीक टच् आवाज ऐकू येतो. म्हणून बोंडी तपकिरी व्हायला लागली की शेंड्यावर जुन्या मलमलची पुरचुंडी बांधा. आतलं बी चपटं, वाटाण्याच्या अर्ध्या डाळीसारखं, त्यावर दाबून बसवल्यासारखी लव. ओल्या बोटावर एक बी ठेवून बघा. क्षणात ती लव उभी राहते आणि बी बुळबुळीत होऊन बोटाला चिकटतं. पहिल्या सरीला ते मातीला असंच धरतं. पुरचुंडीतलं बी कागदी पाकिटात कोरडं ठेवा आणि जूनमध्ये पाव इंच खोल पेरा. पिशव्या सावलीत ठेवायच्या. पुरचुंडीतून निसटलेलं बी झाडाखालीच उगवतं, तेव्हा पावसाळ्यात खुरपताना पानांची जोडी बघून खुरपं चालवा. माझ्या फाटकाजवळची दोन्ही झाडं अशीच आपोआप आलेली आहेत.